लेकीच्या घरचं पाणी

"तात्या, बकरीनं मारलं," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं की हे ऐकायला किती खोटं वाटतं.

तात्या माझ्या दंडाकडं बघत होते. ब्लाउजची बाही संपते तिथून खाली तळहाताएवढा काळानिळा डाग पडला होता आणि पदर कितीही ओढला तरी तो झाकत नव्हता. बाराच्या गाडीतून उतरून, हातात पिशवी घेऊन, घामाघूम होऊन मी आमच्या अंगणात उभी होते. सोबत कोणी नव्हतं.

"बकरीनं," तात्या म्हणाले.

"व्हय. लंगडी बकरी हाय. ह्यांनी घरात आणून बांधलीया."

"अन् तू एकटी आलीस."

"भांडण झालं आमचं. आले निघून."

यातला शब्द न् शब्द खरा होता. माझा नवरा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. नाव सर्जेराव, पण गडी असा की घरात झुरळ निघालं तरी कागदावर घेऊन बाहेर सोडून यायचा. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये एक मांजर, दोन कुत्री आणि पंख मोडलेली एक घार पाहुणचार घेत होती. मांजर तर कायमचंच राहिलं. त्या दिवशी बकरी आली. तिनं तात्यांनी दिवाळीला घेतलेल्या माझ्या साडीचा पदर चघळून त्याची चाळण केली. मी ओढायला गेले तर तिनं शिंग हाणलं. मी कळवळून ओरडले, तर हा बाबा धावत आला आणि आधी बकरीचा पाय बघायला लागला. "टाका उसवला का काय," म्हणाला. मग माझं डोकंच फिरलं. राग माझ्या नाकावरच असतो, त्याला फार लांबून यावं लागत नाही. पिशवी भरली आणि एसटी गाठली.

दुसऱ्या कुठल्याही घरात यावर चार दिवस हसणं झालं असतं. आमच्या घरात नाही. त्याच्या आठ वर्षं आधी माझ्या थोरल्या बहिणीला, शालनअक्काला, तिच्या नवऱ्यानं मारून टाकलं होतं. लग्न झाल्यापासून तो तिच्यावर हात उचलायचा आणि एके दिवशी थांबलाच नाही. त्याला जन्मठेप झाली. अक्काची चार वर्षांची सारिका आमच्याकडं आली. आईनं अशी हाय खाल्ली की दोन वर्षांत तीही गेली. आणि अक्काच्या अंगावरचे डाग आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. ती माहेरपणाला आली की कधी गोठ्यात घसरलेली असायची, कधी म्हशीनं लाथ मारलेली असायची. आम्ही हळद लावायचो.

तात्यांनी पुढं काही विचारलं नाही. माझ्या हातातली पिशवी घेतली, आत जाऊन लोखंडी ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला खोचली.

"ऱ्हा आता," म्हणाले. "भाकरी टाकतो."

तात्या वारणाकाठचे नावाजलेले गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस आटत आला की काहील नेमकी कधी उतरवायची हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या, आणि तात्या दोन बोटांत पाक धरून ते सांगायचे. आई गेल्यावर त्याच बोटांनी ते भाकऱ्या थापायला शिकले. पहिलं वर्षभर त्यांची भाकरी गोल म्हणून कधी झाली नाही. सारिका ताटात बघून आज ससा आहे की कासव ते सांगायची आणि मगच खायची. शाळेत आयांचं हळदीकुंकू होतं तेव्हा सारिकाच्या घरून तात्या गेले, बायकांच्या ओळीत मांडी घालून बसले आणि वाण म्हणून मिळालेली करंड्याची डबी घेऊन घरी आले. गाव हसलं, तात्याही हसले. सारिका मात्र ती डबी कोणाला हात लावू द्यायची नाही.

माझा राग म्हणाल तर गाडीतच उतरला होता. पण अर्ध्या वाटेतून परत फिरायची लाज वाटली. म्हटलं, एक रात्र राहावं, सकाळी जावं. सकाळी उठते तर सर्जेराव पहिल्या गाडीनं हजर. हातात डझनभर केळी आणि तोंड एवढंसं.

आमच्याकडं रुसलेल्या बायकोला न्यायला नवरा स्वतः येत नाही. सासरचं कोणी वडीलधारं येतं, नाहीतर माहेरचा मुराळी लेकीला पोचवून येतो. ह्याला तेवढंही सुचलं नव्हतं. तात्यांनी त्याला अंगणातल्या दगडावर बसायला सांगितलं आणि पाणी विचारलं नाही. आमच्या दारातून भिकारीसुद्धा पाण्यावाचून गेला नव्हता.

"चुकलं माझं, तात्या," सर्जेराव म्हणाला. "आधी हिचा हात बघाय पायजे हुता."

"हिच्या हाताला काय झालं?"

"बकरीनं मारलं."

तात्या माझ्याकडं वळले. "दोघांनी ठरवून एकच सांगताय व्हय?"

मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात, बकरी दाखवते चला. त्यावर सर्जेराव खाली बघत म्हणाला की बकरीचा मालक काल संध्याकाळीच तिला घेऊन गेला. माझा एकुलता एक साक्षीदार साडेतीन पायांवर निघून गेला होता.

सर्जेराव शेवटच्या गाडीपर्यंत त्या दगडावर बसून राहिला. दुपारी सारिकानं तात्यांची नजर चुकवून त्याला पाणी नेऊन दिलं. नजर चुकली नव्हती, पण तात्या बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तिसऱ्या दिवशीही. तोवर गावाला कळलं की चौगुल्यांच्या, म्हणजे आमच्या, अंगणात जनावरांचा जाणता माणूस फुकट बसलेला आहे. मग काय, कोणी खांदेदुखीचा बैल घेऊन आलं, कोणी दूध न देणारी म्हैस. आमच्या दारात बाजार भरला. मी खिडकीतून तात्यांना दाखवलं.

"बगा. म्हैस लाथा झाडतीया, तरी हात उगारत न्हाई माणूस."

"शालनचा नवराबी बाहेर लई गरीब हुता," तात्या म्हणाले. "माझ्या पायावर डोकं ठेवायचा. येताना केळी आणायचा."

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तात्या ताकाकडं बघायलाच तयार नव्हते. ऐन हंगामात चार दिवस ते गुऱ्हाळावर गेले नाहीत. मालकानं माणूस पाठवला की पाक हाताबाहेर चाललाय, ढेपा बसेनात. तात्यांनी त्याला दारातूनच सांगितलं, माझी लेक घरात आहे, गूळ काय पुढच्या साली होईल. मला घरातलं एकही काम करू देत नव्हते. मी परसात गेले तरी मागून येऊन भिंतीला टेकून उभे राहायचे.

मला जायचं होतं. माझं घर, माझं मांजर, माझा तो येडा नवरा, सगळं तिकडं होतं. ताडकन उठून गेले असते तर तात्यांनी काही मला दोरीनं बांधलं नसतं. पण त्यांना ओलांडून गेले असते, तर त्यांनी त्याच दिवशी मला मेलेली धरलं असतं. म्हणून माझा पाय निघत नव्हता.

एकेकाळी हेच तात्या सगळ्या गावाचे मुराळी होते. कोणाची लेक रुसून आली, कोणाला सासरचे नेईनात, की तात्यांना बोलावणं यायचं. ते पोरीला घेऊन जायचे, सासरच्या कट्ट्यावर बसून दोन्हीकडच्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचे आणि पोरगी नांदायला लागायची. बसायचे मात्र कट्ट्यावरच. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत, आणि तात्यांना गावच्या सगळ्या लेकी आपल्याच. अक्का गेल्यापासून ते मुराळी म्हणून कुठं गेले नाहीत. लोक म्हणायचे, दुःखानं मोडला माणूस. मलाही तसंच वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी सारिका शाळेत होती. सर्जेराव बाहेर कोणाच्या तरी वासराचे दात बघत होता. तात्या सोप्यात सूप घेऊन जोंधळे निवडत बसले होते. मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"तात्या, किल्ली द्या. मला जायचंय."

"न्हाई."

"मी काय अक्का हाय व्हय? अक्कानं कुणाला सांगितलं न्हाई, गप मार खाल्ला. मला कुणी बोट लावलं तर मी गाव गोळा करीन. अक्काला बोलता येत नव्हतं, मला येतंय."

तात्यांचे हात थांबले.

"तिनं सांगितलं हुतं," ते म्हणाले.

मी उभी होते ती खाली बसले. तात्या सुपाकडं बघतच बोलत राहिले. मी तेव्हा दहावीसाठी आत्याकडं राहायला होते, म्हणून मला यातलं काहीच माहीत नव्हतं. अक्का अशीच भर दुपारी आली होती. नदीपलीकडून चालत, सारिकाला कडेवर घेऊन. आल्या आल्या तिनं पाठ उघडी करून दाखवली आणि म्हणाली, मला परत धाडू नका. आई म्हणाली, राहू दे तिला. पण तात्यांच्या मनात आलं, गावच्या इतक्या लेकी मी नांदवल्या, माझीच लेक घरी बसली तर उद्या माझं कोण ऐकेल? शिवाय धाकटीचं लग्न व्हायचं होतं. धाकटी म्हणजे मी. दोन दिवस ते अक्काशी बोलले. गावच्या पोरींना सांगायचे तेच सगळं तिला सांगितलं, आणखी मायेनं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिला नवी साडी घेतली, गुळाची ढेप घेतली, सारिकाला खांद्यावर बसवलं आणि नेऊन पोचवलं. जावई कट्ट्यावर येऊन पाया पडला. तात्या समाधानानं घरी आले. अकराव्या दिवशी तिकडचा पोलीसपाटील निरोप घेऊन आला.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. "वाटेत काय म्हणाली?"

"तुमी म्हणताय म्हणून जाते, म्हणाली."

आठ वर्षं मी अक्कावर रागावले होते. मला सांगितलं असतंस तर, आईला सांगितलं असतंस तर, असं मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. आता कळलं की ती बोलली होती, आपल्या पायांनी चालत येऊन बोलली होती, आणि गावात सगळ्यात गोड बोलणाऱ्या माणसानं तिला गप्प केलं होतं. मला तात्यांचा राग यायला हवा होता. आला, फार आला. त्या रागासकटच मी सरकून त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाप होता माझा, आणि गेली सहा वर्षं भाकरीतून ससे काढत होता.

तात्यांनी कनवटीची किल्ली काढून माझ्यापुढं जमिनीवर ठेवली.

"जायचं तर जा. मी आडवा येणार न्हाई. पर पोचवायलाबी येणार न्हाई. तू गेलीस की मी हितं बसून अकरा दिवस मोजणार, बस."

मी ती किल्ली उचलली नाही. दारात सर्जेराव उभा होता, हात वासराच्या लाळेनं बरबटलेले. त्यानं किती ऐकलं ठाऊक नाही, पण पुरेसं ऐकलं असावं. तो आत आला नाही. तिथूनच मला म्हणाला, "वैजू, तू ऱ्हा. मी आता रोज येत न्हाई. तुला वाटंल तवा ये, न्हाई वाटलं तर नगं." मग तात्यांना म्हणाला, "तुमी मला पहिल्याच दिवशी घरात घेतलं असतं, तर मलाच हिची काळजी वाटली असती." एवढं बोलून त्यानं अंगणातल्या बादलीत हात धुतले आणि गाडी गाठायला चालू लागला.

तात्या वळणापर्यंत त्याची पाठ बघत होते. तो चांगला आहे याची त्यांना खात्री पटली असं म्हणावं तर तसं नव्हतं. पाठमोऱ्या माणसाकडं बघून काय कळणार? संध्याकाळी चुलीपाशी बसून त्यांनी मला एकच विचारलं. तुझं घर कसं आहे. मी म्हटलं, दोन खोल्या आहेत, पुढं दवाखाना आहे. ते म्हणाले, तसं नव्हे, आतून कसं आहे. मी सांगत गेले. ते भाकरी थापायचं विसरून ऐकत राहिले आणि तव्यावरची भाकरी करपली.

सकाळी उठले तर तात्या धुतलेलं धोतर, कोट, टोपी अशा थाटात सोप्यात बसलेले. माझी पिशवी ट्रंकेतून काढून ठेवली होती. शेजारी दुसरी एक पिशवी, तिच्यात सारिकाचे कपडे.

"आमी दोघंबी येतोय," म्हणाले.

"कुठवर?"

"आतपातूर."

मी म्हटलं, तात्या, आपल्यात रीत नाही. ते म्हणाले, रीत मला माहीत आहे. आठ दिवस राहणार, म्हणाले, बघणार. वाटेत गुऱ्हाळमालक आडवा आला. कुठं निघालात म्हणून विचारलं. तात्यांनी त्याला सरळ सांगितलं की लेकीच्या घरी राहायला चाललोय. मालक तोंडात मारल्यासारखा बघत राहिला. सारिकाला मात्र शाळा बुडाल्याचा आनंद मावत नव्हता. गाडीत तिनं खिडकी पकडली आणि दर थांब्याला अजून किती लांब म्हणून माझं डोकं खाल्लं.

आम्ही पोचलो तेव्हा सर्जेराव दवाखान्याच्या दारात एका कुत्र्याला पट्टी बांधत होता. आम्हा तिघांना बघून त्याच्या हातातला कापूस खाली पडला. किल्ली माझ्या हातात देऊन तो तिथंच थांबला, मागं आला नाही. मी क्वार्टरचं दार उघडलं. तात्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि उंबऱ्यापाशी आले. तिथं त्यांचा पाय थबकला. साठीतला माणूस, जन्मात कधी लेकीचा उंबरा ओलांडला नव्हता. सारिकानं मागून त्यांना ढकललं. "चला की तात्या, ऊन लागतंय."

ते आत आले ते थेट स्वयंपाकघरात. भिंतीला टेकून, मांडी घालून खाली बसले. गॅसच्या शेगडीकडं बघितलं, डब्यांच्या फळीकडं बघितलं, खिडकीकडं बघितलं, दाराला आतून कडी कशी आहे तेही बघितलं. मांजर येऊन सारिकाच्या मांडीवर बसलं. मी तांब्या भरून तात्यांपुढं ठेवला आणि काय करतात ते बघत उभी राहिले. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ नुसताच धरला आणि मग गटागटा सगळं पाणी पिऊन टाकलं.

तोंड पुसून त्यांनी पुन्हा शेगडीकडं बघितलं.

"शालनच्या घरात चूल कुठल्या अंगाला हुती, मला ठावं न्हाई," ते म्हणाले.

"दारातनं आत गेलं की डाव्या हाताला," सारिका म्हणाली. ती मांजराच्या कानामागं खाजवत होती. मान वर केली नव्हती.

तिला काही आठवत नाही असं आम्ही आठ वर्षं धरून चाललो होतो. चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार, म्हणून तिच्यादेखत काहीबाही बोललो होतो, आणि कितीतरी बोलायचं टाळलंही होतं. तात्यांनी तिच्याकडं बघितलं. इतकं घाबरलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, कोर्टातही नाही.

"तुमी मला खांद्यावरनं कट्ट्यावर उतरिवलं," सारिका म्हणाली. "आईनं आत जाऊन तुमच्यासाठनं च्या ठेवला. भाईर येऊन बघतीया तर तुमी गेलेलासा. मग तो आमी दोघींनी प्याला. तुमीच आणलेला गूळ घातला हुता."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेत काय झालं ते सांगावं तसं सांगून ती पुन्हा मांजराशी खेळायला लागली. म्हणजे एवढी वर्षं हे तिच्यापाशी होतं. हे ठाऊक असून ती रोज त्यांच्या हातची भाकरी खात होती, रोज त्यांच्या कुशीत झोपत होती.

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. मी पुढं झाले, पण त्यांनी हातानंच मला थांबवलं. डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग अंगातला कोट काढून, घडी करून भिंतीच्या कडेला ठेवला.

"च्या ठेव, वैजू," ते म्हणाले. "मी थांबतोय."